हरेश घरत आणि डाव्या स्टेअरिंगची गाडी

हरेश घरत खुर्चीत बसायला येतो तेव्हा आधी उजवा पाय थोडा वर उचलतो. खुर्ची असते दीड फुटाची, पण त्याचा पाय पायरी शोधतो. सव्वीस वर्षं ट्रेलरच्या केबिनमध्ये चढून बसलेल्या माणसाची ती खोड आहे. मी त्याला सहावीत इंग्रजी शिकवलं. तेव्हा तो जासईहून एसटीनं पनवेलला शाळेत यायचा, आणि खोटं बोलायची वेळ आली की माझ्या खांद्यावरून मागच्या फळ्याकडे बघत बोलायचा. आठवीनंतर त्यानं शाळा सोडली, अठराव्या वर्षी तो क्लीनर झाला, बाविसाव्या वर्षी ड्रायव्हर. आता चौपन्न वर्षांचा आहे. गेली सहा वर्षं जासईच्याच एका कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे आणि राहायला पनवेलला, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, फ्लॅटमध्ये.

यंदा संक्रांतीला तो आणि त्याची बायको शकू तिळगूळ घेऊन आले. तिळगूळ तोंडात टाकायच्या आधीच त्यानं विचारलं, "बाई, तुमचं गॅरेज रिकामंच हाय ना?"

"यजमानांची फियाट विकली तेव्हापासून रिकामं आहे. का रे?"

"गाडी घेतोय. आमच्या बिल्डिंगीत पार्किंग लोखंडी लिफ्टचं. ही गाडी तिच्यावर चढायची नाय. पोट घासतं."

"कसली गाडी ही, पोट घासणारी?"

तो लाजला. शकूच म्हणाली, "सांगा बाई तुमीच यांना. पोरीचं लगीन झालं, डोक्याचे केस गेले, आनि आता दोन सीटची स्पोर्ट गाडी पायजे. तीसुद्धा जुनी, विलायती. तिसरं मानूस आलं तर काय बोनेटवर बसवनार?"

"तिसरं मानूस येतंय कशाला?" हरेश म्हणाला.

ही हौस अचानक आलेली नव्हती. पंचवीसएक वर्षांपूर्वी त्यानं बंदरातून एक कंटेनर आणला होता. त्यात कुणा परदेशी माणसाची उघडी, बुटकी, दोन दारांची मोटार होती. कंटेनर उघडल्यावर कस्टमची माणसं जेवायला गेली. हरेश आत शिरला आणि त्या अंधारात पाच मिनिटं स्टेअरिंग धरून बसला. त्याचं ढुंगण रस्त्यापासून वीतभर उंचीवर आहे असं त्याला वाटलं. आयुष्यभर जमिनीपासून आठ फुटांवर बसणाऱ्या माणसाला ती गोष्ट विसरता आली नाही. वडिलांच्या शेताचा मोबदला अनेक वर्षांनी हातात पडला, मुलीचं लग्न पार पडलं, शकूच्या नावावर फ्लॅट झाला, आणि मग तो स्वतःच्या हौसेकडे वळला. गाडी त्याला शोभेसाठी नको होती. रोज यार्डात जायला हवी होती.

नऊ फेब्रुवारीला, रविवारी, आम्ही नेऱ्याला गेलो. तिथं डोंगराच्या पायथ्याशी मितेश नावाच्या एका तरुण बिल्डरचं फार्महाऊस आहे. तो जुन्या गाड्या गोळा करतो आणि मन भरलं की विकतो. कागदपत्रं इंग्रजीत होती म्हणून हरेशनं मला नेलं. शकू होती. आणि बुधाजी होता.

बुधाजी म्हणजे हरेशचा क्लीनर. पनवेलच्या कोळीवाड्यात राहतो, वय सहासष्ट, अंगानं सडसडीत, शर्टाला कायम इस्त्री. एकोणीस वर्षं दोघांनी एका केबिनमध्ये काढली. ट्रेलरवरचा क्लीनर गाडी धुतो हे खरं, पण ते त्याचं खरं काम नाही. ड्रायव्हरला जी बाजू दिसत नाही ती बाजू क्लीनर बघतो. हात खिडकीबाहेर टाकून दारावर थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे जा. ड्रायव्हर वळून बघत नाही, विचारत नाही. थाप पडली की पाय आपोआप हलतो. एकदा भर दुपारी कर्नाळ्याच्या वळणावर हरेशला डुलकी लागली, तेव्हा बुधाजीनं एका हातानं स्टेअरिंग ओढलं आणि दुसऱ्यानं त्याच्या कानशिलात मारली. ती गोष्ट हरेश कुणालाही सांगतो आणि सांगताना गालाला हात लावतो. आता कंपन्या क्लीनर ठेवत नाहीत. ट्रेलरवर एकटा ड्रायव्हर असतो. सहा वर्षांपूर्वी बुधाजी घरी बसला, आणि तेव्हापासून सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कुठं जायचं हा त्याच्यापुढचा प्रश्न होता.

पत्र्याच्या शेडमध्ये दोन गाड्या उभ्या होत्या. एक लाल, इंग्लंडची एमजी. दुसरी गडद हिरवी, इटलीची अल्फा रोमिओ, एका परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्यानं पन्नास वर्षांपूर्वी मुंबईत मागे ठेवून दिलेली. दोन्ही उघड्या, दोन्हींना कापडी टप, दोन्हींची कागदपत्रं चोख. मी दोन तास व्हरांड्यात बसून प्रत्येक पान वाचलं. लाल गाडीचं इंजिन नव्यानं बांधलेलं, सुटे भाग सहज मिळणारे, रेडिएटर मोठा बसवलेला. हिरवीचं पत्र्याचं काम जास्त सुबक, आवाज जास्त गोड, पण स्टेअरिंग डावीकडे.

"काका, खरं सांगतो," मितेश म्हणाला, "रोज चालवायची असेल तर लालच न्या. हिरवी रविवारची गाडी आहे. मोकळा रस्ता, सकाळची वेळ, एक राउंड मारायचा, बस्स."

विकणाराच महागडी गाडी नको म्हणतोय, हे मला विशेष वाटलं. मीही तेच सांगितलं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, रस्त्याच्या मध्याच्या बाजूला बसतो, म्हणून पुढच्या गाडीच्या बाजूनं जरा डोकावून समोरून काय येतंय ते त्याला बघता येतं. डावीकडे बसलेल्या माणसाला पुढच्या ट्रेलरची पाठ दिसते आणि गटार दिसतं. समोरचं बघायचं तर आख्खी गाडी बाहेर काढावी लागते, आणि एकदा बाहेर काढली की बघून उपयोग नसतो. त्यात ही गाडी ट्रेलरच्या चाकाएवढी उंच.

"लाल छान हाय," शकू म्हणाली. "आनि स्वस्त पन."

हरेशनं दोन्ही गाड्या फार्महाऊसच्या रस्त्यावर चालवून बघितल्या. लाल एकट्यानं चालवली. हिरवीत बसला तेव्हा बुधाजी न विचारता उजवीकडच्या सीटवर जाऊन बसला, हात दाराबाहेर टाकला आणि दोन थापा मारल्या. हरेशचा चेहरा मी तेव्हा बघितला. गाडी परत आली तेव्हा दोघंही हसत होते, दोन पोरांसारखे.

"ही घेतो," हरेश म्हणाला.

"गाडी पसंत केलीत, का बुधाजीला?" शकूनं विचारलं. सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येऊन तो विनोद म्हणून लिहूनसुद्धा ठेवला.

रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी गाडी माझ्या फाटकातून निघे. बुधाजी आठला येई, सीट रुमालानं पुसे, टप मागं दुमडून ठेवे. टप लावायला तो कधी तयार नसे. शकूनं किती सांगितलं, जासईपर्यंत जाऊन दोघं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे होता, जरा टप लावा. "टप लावला की कोंडल्यासारखं होतं," बुधाजी म्हणे. हमरस्त्यावर ट्रेलरच्या रांगा लागलेल्या असतात म्हणून हरेश गावांतून जाणारा आतला रस्ता धरी. तो अरुंद आहे, जाणारे-येणारे एकाच पट्ट्यावर, आणि रांगेला कंटाळलेले ट्रेलरही तिथंच घुसतात. बुधाजी दिवसभर यार्डाच्या फाटकाशी ड्रायव्हर लोकांत बसे आणि संध्याकाळी त्याच गाडीनं परत येई. बायको गुणाबाई म्हणाली, सहा वर्षांत पहिल्यांदा तो रात्री पोटभर जेवला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी बुधाजीला ओट्यावर चहा दिला. कप त्याच्या उजव्या बाजूनं पुढे केला. तो समोर बघत बोलत राहिला. कप मी तसाच धरून होते. "बुधाजी, चहा," म्हटल्यावर त्यानं सबंध मान वळवली, कोंबडी वळवते तशी, आणि मग हात पुढे केला.

मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगत, एकदा दिसलं तर शंका धरा, तीनदा दिसलं तर मान्य करा. दुसऱ्या वेळी तो फाटकाच्या खांबाला उजव्या खांद्यानं आपटला आणि खांबालाच शिवी दिली. तिसऱ्या वेळी सीट पुसताना पडलेला रुमाल त्याच्या उजव्या पायाजवळ होता आणि तो जमीन चाचपत डावीकडे शोधत होता. माझ्या यजमानांना काचबिंदू होता. त्यांचं असंच सुरू झालं होतं. समोरचं वर्तमानपत्र स्वच्छ वाचत, पण बाजूनं येणारं माणूस त्यांना एकदम उगवल्यासारखं वाटे. त्या वेळच्या माझ्या रोजनिशीच्या वह्या काढून मी पडताळून बघितलं. आधी कप, मग खांब, मग खाली पडलेली वस्तू. क्रम तोच होता.

ज्याच्या डोळ्यांवर ती गाडी चालत होती, त्याचे डोळे बाजूनं विझत आले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हरेशला एकट्याला थांबवलं आणि सगळं सांगितलं. तो बोनेटवर हात ठेवून ऐकत राहिला.

"ठाऊक हाय, बाई," तो म्हणाला.

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"नेऱ्याला जायच्या आदीपासून. गुनाबाय बोलली होती."

"आणि तरी डाव्या स्टेअरिंगची गाडी घेतलीस?"

"लाल गाडीत त्याला काय काम व्हतं? नुसता बसला असता सामानासारका. दोन दिवस आला असता, तिसऱ्या दिवशी नसता आला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "भिऊ नका. मी त्याच्या थापेवर जातच नाय. ट्रेलरच्या मागंमागं जातो, तीसच्या स्पीडनं. त्यानं थाप मारली की बोलतो, समोरून मोटारसायकल आली. त्याला काय कलतंय?"

मी त्याला म्हटलं, त्याला डॉक्टरकडे ने. तो म्हणाला, नेतो. नेलं नाही. पण खोटं कशाला सांगू, त्या रात्री मला झोप लागली. जगात इतकी वेगवान गाडी इतक्या हळू कुणी चालवत नसेल, असं वाटून थोडं हसूही आलं.

एप्रिलच्या एकवीस तारखेला बुधाजी एकटाच आला. हरेशला यार्डात सुट्टी होती. ओट्यावर बसला. मग म्हणाला, "बाई, हरेशला काय तरी झालंय."

"काय झालंय?"

"भ्या बसलंय त्याला. रस्ता मोकला असतो, मी थाप मारतो, हा जात नाय. बोलतो, मोटारसायकल आली. अवं, डावीकडे बसून त्याला दिसली कशी? उजवीकडे मी बसलोय. नसलेल्या मोटारसायकली दिसायला लागल्यात त्याला."

मी विचारलं, "आणि तुला दिसतं का, बुधाजी? खरं सांग."

तो दचकला नाही. "डोले जरा कमी झालेत," म्हणाला. "उजवा तर नुसता शोभेचा. पन कान हायेत ना. तुमाला म्हनून सांगतो, एकोनीस वरसं मी निम्मं काम कानानं केलं. धुक्यात काय दिसतंय? ट्रेलर, डंपर, टेम्पो, रिक्षा, येकेकाचा आवाज मला पाव किलोमीटरवरनं कलतो. म्हनून तर टप उघडा ठेवतो. आवाज नाय म्हंजे गाडी नाय. मग दोन थापा."

"हरेशला सांगितलंस हे?"

"त्याला कशाला? त्याला आदीच भ्या बसलंय." मग माझ्याकडे सबंध तोंड वळवून म्हणाला, "तुमी पन सांगू नका. शपत घ्या."

मी शपथ घेतली नाही, पण बोललेही नाही. एकाचं गुपित माझ्या एका हातात, दुसऱ्याचं दुसऱ्या हातात. दोन्ही गुपितं प्रेमाची होती, आणि जोवर हरेश ट्रेलरच्या मागं राहत होता तोवर ती एकमेकांना सांभाळून होती. असं मी स्वतःला समजावलं. ही माझी चूक आहे आणि ती मी त्या दिवशीच्या पानावर नंतर लाल शाईनं लिहिली आहे.

दोन मे, शुक्रवार. संध्याकाळी गाडी आली ती हॉर्न वाजवत. हरेशच्या हातात जिलबीचा पुडा होता. बुधाजी छाती काढून उतरला.

झालं असं की यार्डातली पोरं काही दिवस हरेशला चिडवत होती. "घरत शेठ, स्पोर्ट गाडीला बैल कुठं जुंपलाय?" म्हणत होती. त्या सकाळी कुणीतरी बुधाजीच्या तोंडावर म्हणालं, तू बाजूला बसतोस म्हणून तो रांगतो. परत येताना आतल्या रस्त्यावर ट्रेलर पुढे होता. बुधाजीनं दोन थापा मारल्या. हरेश म्हणाला, मोटारसायकल. बुधाजीनं पुन्हा दोन थापा मारल्या. हरेश गेला नाही. तेव्हा बुधाजी म्हणाला, "माझ्या थापेवर तू एकोनीस वरसं गेलास. आता जात नसशील तर मला हितंच उतरव," आणि त्यानं चालत्या गाडीचं दार उघडलं.

"मग?" मी विचारलं.

"मग मी गेलो," हरेश म्हणाला. "डोले मिटूनच गेलो म्हना ना. आनि बाई, रस्ता रिकामा! पार रिकामा, तलहातासारखा! ट्रेलरच्या पुढं निघालो तर गाडी अशी उडाली, अशी उडाली..."

बुधाजी हात धुवायला मागं गेला तेव्हा तो माझ्या जवळ आला आणि कुजबुजला, "बाई, त्याला दिसतं. आपन उगाच घाबरलो. गुनाबायला काय कलतंय?"

जिलबी गरम होती. मी हातात घेतली आणि खाल्ली नाही.

त्यानंतर रोज. शनिवारी दोनदा, सोमवारी चारदा. मंगळवारी किती ते त्यानं मोजलंच नव्हतं. आठ-दहाऐवजी गाडी आठ-वीसला निघू लागली, कारण आता वेळ कमी लागत होता. हरेश दहा वर्षांनी लहान दिसत होता. शकू म्हणाली, घरात गाणी म्हणतो. मी दोनदा त्याला "बुधाजी कानानं..." असं सांगायला सुरुवात केली, आणि दोन्ही वेळा बुधाजी समोर आला.

सात मे, बुधवार. सकाळी सव्वाआठ. बुधाजी फाटकात उभा राहून हरेशची वाट बघत होता. माझ्या शेजारची अनुया विजेच्या स्कूटरवरून कामावर निघाली. ती स्कूटर आवाजच करत नाही. अनुया त्याच्या उजव्या बाजूनं आली. तिला वाटलं, हा बाजूला होईल. तो झाला नाही. त्याला दिसली नाही, आणि ऐकूही आली नाही. तिनं ब्रेक दाबला तेव्हा चाक त्याच्या पोटरीला टेकलं होतं.

"काका, बघताय ना?" ती ओरडली.

बुधाजी हसला. "अगो, तू भुतासारकी आलीस. आवाज तरी करायचा."

मी ओट्यावर उभी होते. आतल्या रस्त्यावरून आता विजेच्या बसही जातात. कोपऱ्यावर उभं राहून मी त्या बघितल्या आहेत. एवढं मोठं धूड अंगावर येईपर्यंत नुसतं वारं येतं.

पाच मिनिटांत हरेश आला, गाडी बाहेर काढली, बुधाजी बसला. मी फाटकाच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"बाई, उशीर होतोय."

"होऊ दे. गाडी बंद कर. दोघांनी ऐका. मी एकदाच सांगणार आहे."

आणि सांगितलं. हरेशला सांगितलं की बुधाजी बघून थाप मारत नाही, ऐकून मारतो, आणि आत्ता पाच मिनिटांपूर्वी स्कूटर त्याच्या पोटरीला लागेपर्यंत त्याला कळली नाही. बुधाजीला सांगितलं की नसलेल्या मोटारसायकली हरेशला दिसत नव्हत्या. बुधाजीचे डोळे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मुलांना वर्गात सांगावं तसं सांगितलं, एकामागून एक. दुसरी कोणतीही रीत मला येत नाही.

बुधाजी म्हणाला, "म्हंजे अडीच महिने तू माझ्या थापेवर गेलाच नायस?"

"आनि तू न बघता थापा मारल्यास? मी जीव पणाला लावून गेलो रं, चार दिवस!"

"मी ऐकून मारल्या."

"स्कूटर ऐकलीस काय?"

बुधाजीनं पोटरीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "दयेनं बसवलं व्हतंस मला. पोराला मांडीवर बसवतात तसं." तो उतरला. खिशातून रुमाल काढून त्यानं नेहमीप्रमाणे सीट पुसली, दार हलक्या हातानं लावलं, आणि माझ्या कंपाउंडच्या भिंतीवरून हात सरकवत कोळीवाड्याच्या दिशेनं चालत गेला. हरेश त्याला हाक मारेल असं मला वाटलं. तो स्टेअरिंगकडे बघत बसला होता.

पुढच्या आठवड्यात गुणाबाईनं बुधाजीला डॉक्टरकडे नेलं. उजवा डोळा गेलेला आहे. डावा थेंब घालून टिकेल म्हणतात. हे सांगायला ती आली तेव्हा मी म्हटलं, वेळेत झालं. ती म्हणाली, "झालं खरं. पन बाई, तो आता शर्ट घालत नाय. गंजीवर बसून असतो."

शकूनं मितेशला फोन केला. लाल गाडी अजून होती. हिरवी परत घेऊन लाल द्यायला तो आनंदानं तयार होता. रविवारी आम्ही पुन्हा नेऱ्याला गेलो. हरेश लाल गाडीत बसला, स्टेअरिंगवर हात ठेवले, आरसे नीट केले. सगळं त्याच्या सवयीचं होतं. मला वाटलं, सुटलो. मग तो डावीकडच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिला आणि उतरला.

"नको," म्हणाला.

"अवं, नको काय?" शकू चिडली. "कुनाची वाट बघताय? तो येनार नाय आता!"

"येईल. आला तर त्याची जागा असाया पायजे."

"आणि येईपर्यंत?" मी विचारलं. "उजवीकडे कोण बघणार?"

"येईपर्यंत मी मागंमागं जाईन. पैल्यासारका."

हे तो माझ्या डोळ्यांत बघून बोलला, म्हणून मी विश्वास ठेवला. तेव्हा ते खरंही असेल. तो बुधाजीच्या घरी तीनदा जाऊन आला. बुधाजीनं तीनदा पाठ फिरवून चहा पाजला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मी त्याला विचारलं, यार्डात पोचायला किती वेळ लागतो. तो म्हणाला, पंचवीस मिनिटं. ट्रेलरच्या मागं गेलं तर चाळीस लागतात, हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यालाही ठाऊक होतं.

"हरेश, तू ओव्हरटेक करतोस?"

"कधी कधी."

"कशाच्या भरवशावर?"

"अंदाजानं." मग ओशाळून म्हणाला, "ते चार दिवस उडालो ना बाई, आता मागं राहवत नाय. ट्रेलरची पाठ बघितली की जीव गुदमरतो. आनि सव्वीस वरसं चालवलंय. रस्ता कलतो."

मी बोलले, रागावले, किल्ली मागितली. त्यानं किल्ली खिशात टाकली आणि माझ्या पाया पडला. चौपन्न वर्षांच्या माणसाला शाळेतल्या बाई काय करणार? शकू रडून थकली. आता ती रोज नऊ वाजता यार्डात फोन करते.

काल संध्याकाळी गाडी आली तेव्हा तिचा उजवीकडचा आरसा नव्हता. दारावर पुढून मागपर्यंत लांब ओरखडा होता आणि त्यात पिवळा रंग भरलेला होता.

"हे काय झालं?"

"यार्डात उभी असताना कुनीतरी घासली," हरेश म्हणाला. हे बोलताना तो माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होता.

आज सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी त्यानं गाडी काढली. फाटकाबाहेर उजव्या हाताला पाण्याच्या बाटल्यांचा टेम्पो लागला होता. डावीकडच्या सीटवरून टेम्पोपलीकडचं दिसणं शक्यच नव्हतं. मला ओट्यावरून सगळा रस्ता दिसत होता, आणि त्यावरून काय येत होतं तेही. मी हात वर केला, ओरडले. तो पुढे बघत होता. गाडी हळूहळू टेम्पोच्या बाहेर सरकू लागली.